अकराजणींना जामीन

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १७८६. अमरावती

आज मी जामीन राहिले. एकीला नाही, अकराजणींना. घरी आले ती थेट लिहायला बसले.

हे मी मठाच्या लिपीत लिहिते. रिद्धपूरच्या मठात माझी मावशी होती, तिनं मला बालबोध शिकवली आणि ही मठाची गुप्त लिपीही. ही वही दिराच्या हाती पडली तरी त्याला मुंग्या चालल्यासारखंच दिसेल. मावशी म्हणायची, बोलताना वऱ्हाडी बोल, लिहिताना पोथीसारखं लिही. पोथीसारखं काही मला जमत नाही.

या अकराजणी कोष्ट्यांच्या बाया आहेत, उमरेडकडच्या. कापूस सगळा विलायतेला जातो, सूत सोन्याच्या मोलाचं झालं, यांचे माग बंद पडले. घरचे पुरुष कुठं कुठं पांगले आणि या चालत चालत इथवर आल्या. महिनाभर नागपुरी वेशीबाहेर झाडाखाली पडून होत्या. गोवर्धन शेठच्या वखारीत मी रेच्यावरच्या बायांची मुकादमीण आहे. रेच्याच्या दोन लाटांमधून कापूस ओढला की रुई पुढं जाते आणि सरकी मागं गळते, एवढंच काम. एवढं यांना आलं तर या कोणाच्या दारात उभ्या राहणार नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं.

रीत अशी की परगावच्या बाया मुकादम आणतो, तोच जामीन राहतो आणि मजुरीही तोच घेतो. नत्थुजी मुकादम तयारच होता, मिशीला पीळ देत. मी शेठला म्हटलं, मी जामीन राहते, पण मजुरी ज्या बाईची त्या बाईच्या हातावर ठेवायची. शेठ हसला. "थारी मरजी, बाई," म्हणाला.

गुमास्ते वामनराव यांनी कागद पुढं केला. मोडीत होता. वाचून दाखवू का, म्हणाले. चार हमाल उभे होते, शेठ उभा होता. मी म्हटलं, "मले वाचता येते, वामनराव." आणि सही ठोकली.

मोडी मला येत नाही. हे इथं लिहायला हरकत नाही. वखारीत सगळे म्हणतात, मनकर्णाबाई शिकलेली आहे. जामीनकीचाच कागद, त्यात दुसरं काय असणार?


मार्गशीर्ष शुद्ध नवमी

सहा दिवस शिकवणं चालू आहे. देवा, काय बाया आहेत! बोटं अशी हलकी की रुई तुटत नाही, पण रेच्याचा दांडा फिरवायला जोर नाही. शकुन म्हणून एक आहे, विशीची, पदराशी वर्षाची पोर. तिचं बोट काल लाटांत जाता जाता वाचलं. मी ओरडले, "डोये कोठी गेलते व तुये?" ती रडली. मग मला रात्रभर तिचंच बोट दिसत राहिलं.

त्यांना एकच गोष्ट रोज घोकायला लावते. विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर निशाणी करायची नाही. कोणी म्हणो, शेठ म्हणो, देव म्हणो. पार्बताबाई सगळ्यांत वयस्कर, पन्नाशीची असेल. तिनं विचारलं, "आन् तू म्हटलं तं?" मी म्हटलं, मी म्हटलं तरी नाही. पोथीतल्यासारखी बोलून गेले खरी. घरी येताना त्या मोडीतल्या कागदाची आठवण झाली आणि मी झपाझप चालायला लागले, जसं काही तो मागं येतोय.


मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

आज पहिली मजुरी हातावर पडली. पार्बताबाई कितीतरी वेळ मूठच उघडेना. "मागावर उभी हयात गेली," म्हणाली, "पन पैसा सदा बुढ्याच्या हाती." शकुननं पोरीला गूळ घेतला. मला आनंद व्हायला हवा होता. वेशीजवळ नत्थुजी भेटला. "बाई, कापसाले आन् परक्या बायाईले जामीन राहू नये, दोन्ही कवा पेट घेतीन सांगता येत नाई," म्हणून हसत गेला.

आगीची तर मला पहिल्यापासून धास्ती. सगळीकडे रुई उडते, आणि हमाल चिलीम ओढतात. मी वामनरावांना बोलून दाखवलं. भला माणूस! चार दिवसांपासून भिस्ती दिवसातून चारदा पखाल भरून आणतो आणि गाठी भरायच्या खोलीतले रांजण भरून ठेवतो. उंबऱ्याबाहेरून मला दिसतं, दुपारपर्यंत ते रिकामे होतात, पुन्हा भरतो. एवढी काळजी कोण घेतं आजकाल?


पौष शुद्ध पंचमी

अकोल्याहून गाडीवान वाईट बातमी घेऊन आले. तिथं सरकारनं कापूस तपासणारा साहेब बसवला आहे. वजन वाढावं म्हणून रुईवर पाणी मारतात, गाठीत सरकी घालतात, आणि विलायतेत गाठ उघडली की आत कुजलेलं निघतं. आता साहेब तिथंच गाठ फोडून बघतो. एका वखारीच्या गाठी ओल्या निघाल्या, तर मालक सुटला आणि रेच्यावरच्या दोन बायांना कचेरीत दिवसभर उन्हात उभं केलं म्हणे.

आमच्या वखारीत असलं काही होत नाही. होणार नाही. मी सगळ्या बायांना बसवून सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण पार्बताबाई खाली बघत होती. काहून?


पौष शुद्ध सप्तमी

कळलं काहून.

आज मी मागून गेले तर पार्बताबाई शेजारच्या लोट्यात बोटं बुडवून रुईवर शिंपडत होती. झटकन, जसं आपण तुळशीला शिंपडतो तसं. तिचा हात धरून ओढला. "काय करून राहिली तू! मारतं का आमाले सगळ्याईले?"

ती बावरली. म्हणाली, "अवं, सूत कोरडं असलं का तुटते. आमी जल्मभर पानी मारत आलो. हात आपोआप जाते. आन् हे रुई उडून शकुनच्या पोरीच्या नाकात जाते, दिसत नाई का तुले?"

विचारलं तर चौघीजणी तसंच करत होत्या. कोष्ट्याची सवय. आमच्याकडे कोणी पाणी लावणार नाही कापसाला, माहेरी तर ओल्या हातानं वेचूही देत नसत. मी त्यांना खूप बोलले, नको ते बोलले. भिकारणी म्हटलं. पार्बताबाईनं लोटा उपडा केला आणि पुन्हा काम करायला लागली.

मग मला वाटलं, लपवलं तर जास्त पाप. आपणहून सांगितलेलं बरं. मी वामनरावांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते भडकतील. पण ते शांतपणे ऐकत राहिले. कोणकोणती बाई, कधीपासून, सगळं विचारून घेतलं. "बरं झालं सांगितलंत, मनकर्णाबाई. फार बरं झालं," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तर समाधानच दिसलं. देवमाणूस! छातीवरचा धोंडा उतरला.


पौष वद्य चतुर्थी

धोंडा कसला उतरतो. आमच्या चाळीस गाठी अकोल्याला गेल्या होत्या. साहेबानं तीन फोडल्या. वरून पांढऱ्याशुभ्र, आत पिवळ्या पडलेल्या, आणि हात घातला तर गरम. सगळा माल अडकवून ठेवला आहे. शेठला आणि जबाबदार माणसाला आठ दिवसांत कचेरीत हजर राहायचा हुकूम आला आहे.

वामनरावांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "बघा बाई, एक नाव दिलं तर दहा वाचतील. म्हातारीनं पाणी मारलं हे तुम्हीच मला सांगितलं. तिला घेऊन चला, कबूल करू दे. म्हातारी आहे, दोन रट्टे देऊन सोडतील. नाहीतर सगळ्याच वेशीबाहेर."

मी मान डोलावली. नाही म्हणायला पाहिजे होतं का? पण तिनं पाणी मारलं होतंच ना. खोटं कुठं आहे त्यात?


पौष वद्य पंचमी

पार्बताबाईला सांगितलं. मला वाटलं रडेल. तिनं रेचा थांबवला, कपाळ पुसलं. "मायाच हातानं झालं तं मीच सांगीन," म्हणाली. "ह्या पोरी कामाले लागल्या आहेत. त्याईचं मोडू नको."

खरं लिहिते, कारण कोणी वाचणार नाही. ती हो म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. आधी बरं वाटलं आणि मग स्वतःची किळस आली. जामीन मी आहे, आणि उन्हात उभी राहणार ती.


पौष वद्य नवमी. मूर्तिजापूर

बैलगाडीत दोन दिवस. शेठ आणि वामनराव दमणीच्या हलक्या गाडीत पुढं, आम्ही दोघी सरकीच्या पोत्यांवर मागं. पार्बताबाई सारखी बोलतेय, उमरेडचा माग, लुगड्याचे काठ, सुनेचे दागिने. मी हूं हूं करते. तिला फटके मारतील का, हे तिनं मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.




पौष वद्य एकादशी. अकोला

आज घडलं ते सगळं लिहून काढते.

कचेरीच्या आवारात आमची गाठ फोडून ठेवली होती. साहेब खुर्चीवर, त्यांचे शिरस्तेदार शेजारी. पार्बताबाईला पुढं बोलावलं. ती कबूल करणार एवढ्यात तिनं विचारलं, "मी हात लावू का?" आणि उत्तराची वाट न बघता बाही सारून कोपरापर्यंत हात गाठीत खुपसला. डोळे मिटले. कोष्टीण ती, तिचा हातच तिचे डोळे. आतून मूठभर काढली, दाबली, बोटावर घासली, हुंगली.

"हे मायं पानी नोये," म्हणाली.

शिरस्तेदार खेकसले. ती ठाम. "मी शिंपडतो ते वरच्या वर, दोन घडीत सुकते. हे तं थरावर थर ओतलं आहे, पायानं तुडवताना. इकडे पाहा, चिखलाच्या पायाचा ठसा आहे. मायं तं मी कबूल करतो, पन दुसऱ्याचं काहून करू?"

मला त्या क्षणी रांजण आठवले. दुपारपर्यंत रिकामे होणारे, आगीसाठी भरलेले. अख्ख्या हंगामात एकदाही आग लागली नाही, तर पाणी जात कुठं होतं? मनकर्णे, तुझ्यासारखी मूर्ख या वऱ्हाडात दुसरी नसेल.

वामनराव हात जोडून पुढं झाले. म्हणाले, हुजूर, गाठी भरण्याची देखरेख या मनकर्णाबाईची, लेखी आहे. आणि तो कागद काढला. शिरस्तेदारांनी मोठ्यानं वाचला. बायांचं वर्तन, रुईची सफाई, आणि गाठी भरण्याची सगळी जबाबदारी माझी. खाली माझी सही, बालबोधीत, ठसठशीत.

"वाचून सही केली?" शिरस्तेदारांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती आणि तुरुंग झाला असता. नाही म्हटलं तर तुरुंग कदाचित टळला असता, पण अब्रू जाणार होती. पार्बताबाई माझ्याकडे बघत होती. तिला मी रोज घोकायला लावत होते.

"मले मोडी येत नाई," मी म्हटलं. "न वाचता सही केली. शरमेपायी."

आवारात कोणीतरी हसलं. साहेबानं परवाची तारीख दिली. तोवर मी कचेरीच्या गजांच्या पडवीत. शिपाई दारात आहे, पण वही घेऊन ठेवली नाही, त्याला वाटलं जपाची पोथी.

पार्बताबाई मला भाकर देऊन गेली. भिकारणी म्हटलं होतं मी तिला.


पौष वद्य त्रयोदशी. अकोला

पहाटे कलकल ऐकू आली. बघते तर दहाजणी! शकुन, काखेत पोर, बाकीच्या पायाला चिंध्या बांधलेल्या. अमरावतीहून चालत. ऐन हंगामात काम टाकून! मी गजांतूनच ओरडले, "बावयट झाल्या का व? रेचे कोनाच्या भरवशावर सोडून आल्या?" शकुन म्हणाली, "वामनरावानं निघाच्या आधी सांगतलं का तुमी दोघीईनं कबूल केलं. आमाले पटलं नाई. पाहाले आलो."

कचेरीत शिरस्तेदारांनी त्यांना दटावलं, तुमचं काय काम? शकुन पुढं झाली. हीच ती, ओरडलं की रडणारी. ती म्हणाली, "साहेब, आमच्यातल्या कोनीच त्या भराईच्या खोलीत पाय नाई ठेवला. मनकर्णाबाईनंबी नाई. बाईमानसाले आत जाऊच देत नाई. माही पोर रांगत उंबऱ्यावर गेली, तं मले आत हात घालून उचलू देल्ली नाई. हमालानं उचलून बाहेर आनून देल्ली. शेठजीलेच पुसा."

वामनराव पटकन म्हणाले, तसं काही नाही, बाया कधीमधी—

पण शेठ मध्येच उठला. कानाला हात लावले. "राम राम राम! औरत? मेरी भराई की कोठी में? लक्ष्मी का वास है साहब! तीस साल में एक औरत ने देहली नहीं लाँघी! कौन कहता है?"

मग त्याला कळलं आपण काय बोललो. वामनरावांचा चेहरा उतरला, अगदी राखेसारखा. शिरस्तेदार हळूच हसले आणि साहेबाला इंग्रजीत सांगितलं. ज्या खोलीत बाई जाऊच शकत नाही, तिथल्या पाण्याला बाई जबाबदार कशी? एवढं साधं. मला सुचलं नव्हतं. जो उंबरा रोज जिवाला टोचायचा, त्याची मी तोंडानं कधी तक्रारही केली नव्हती.

माल जप्त झाला, शेठला दंड, वामनरावांना ठेवून घेतलं. कागदाबद्दल मला सक्त ताकीद दिली आणि सोडलं. बाहेर शेठ ओरडला, तुमच्यापैकी एकीनंही पुन्हा वखारीत तोंड दाखवायचं नाही.

सुटले, आणि तरी भीती गेली नाही. काम गेलं. या अकराजणींचं काम मी घालवलं. जामीन राहिले आणि सगळ्यांना घेऊन बुडाले.


पौष अमावस्या. अकोला

मोर्णेच्या काठी एक रेच्याची वखार आहे. पार्बताबाई आज सकाळी तिथं गेली. मी म्हटलं होतं, थांब, मी बोलते मालकाशी. तर ती मला न घेताच गेली. आल्यावर म्हणाली, काम मिळालं, उद्यापासून.

मी घाबरून विचारलं, "जामीन कोन?"

"आमीच," ती म्हणाली. "एकीनं काही बिघडवलं तं बाकीच्या निस्तरतीन. मालकानं कागद काढला. मी म्हटलं मोठ्यानं वाचा, आन् भराईचं नाव असन तं खोडा. त्यानं खोडलं. मंग निशाणी केली."

हेच पाहिजे होतं ना मला? मग रडू का आलं, कळत नाही. त्यांना माझी गरज उरली नाही, म्हणून आलं. लाज वाटते लिहायला.

उद्या अमरावतीकडे गाडी निघते. घरी दीर, शेजारी, आणि सगळ्यांना कळलेलं असेल की मनकर्णाबाईला मोडी येत नाही. बोचकं बांधायला घेतलं. शकुन पोरीला पाठीशी बांधता बांधता म्हणाली, "एक रेचा रिकामा आहे. बारावा. बसतं का?"

मुकादमीण झाल्यापासून आठ वर्षांत मी रेच्याला हात लावला नाही. नुसती मागं उभी राहून ओरडले आहे. माझी रुई तुटेल, दांडा अडेल, आणि त्या अकराजणी बघतील. कचेरीत उभी होते तेव्हा एवढी भ्याले नव्हते. मी म्हटलं, "माह्या हातानं तुटलं तं बोलू नका बरं मले."

"बोलू तं," पार्बताबाई म्हणाली. "तू नाई बोलली का आमाले?"

बोचकं सोडलं. पहाटे लवकर उठायचं आहे.